पूल आला, चल

१

पुण्याहून नागपूरला उडत यायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या कितीतरी पट वेळ नागपूरहून गडचिरोलीला जमिनीवरून पोचायला लागतो. हे काही मोठं संशोधन नाही. त्या रस्त्यावरच्या कुठल्याही म्हातारीला विचारा, ती पानाची पिंक टाकता टाकता सांगेल. पण तेच मी तक्ते आणि नकाशे लावून लिहिलं, गडचिरोलीत भरणाऱ्या 'ग्रामीण दळणवळण' नावाच्या परिषदेने ते स्वीकारलं आणि मी बॅग भरली. मी पुण्यात भूगोल शिकवते. माहेर गोंडपिपरीचं, त्यामुळे लाल गाडीच्या खिडकीत नाक चेपूनच मोठी झालेली.

बाकीचे वक्ते नागपूर विमानतळावरून थेट टॅक्सीने जाणार होते. मी एसटीच धरणार होते. "एसटीवर निबंध वाचायचा आणि टॅक्सीतून उतरायचं? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण," असं मी नवऱ्याला, हेमराजला, ऐकवलं. तो म्हणाला, "जा. पण धक्के खाऊन आल्यावर कंबर माझ्याकडून चोळून घ्यायची नाही."

दिव्यानीला, आमच्या पाच वर्षांच्या लेकीला, विमानाचं काही कौतुक नव्हतं. तिने एवढंच विचारलं, तू घरी कधी येशील? मी म्हटलं, रविवारी. तिला रविवार कळत नाही. ती बापाच्या मोबाइलवरून दर थोड्या वेळाने व्हिडिओ कॉल लावते आणि तेच विचारते. मी विमानातून उतरून बॅगेची वाट बघत होते तेव्हा विचारलं, रिक्षात विचारलं, चंद्रपूरला मावशीकडे रात्री मुक्काम केला तिथे जेवताना विचारलं. मावशी हसून म्हणाली, "पोरगी नाही तुझी, सावकार आहे."

इथपर्यंत सगळं नेहमीसारखं होतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं सांगताना माझं मलाच वाटत राहतं की कुठेतरी आधीच काही चुकलं असेल. पण नाही. तिथपर्यंत काहीच चुकलं नव्हतं.

२

सकाळी चंद्रपूरच्या स्टँडवर गडचिरोलीची गाडी लागली तेव्हा नेहमीचं युद्ध झालं. लोकांनी खिडक्यांतून रुमाल, पिशव्या, एकाने तर चप्पल टाकून जागा धरल्या. मी आत शिरले तेव्हा सगळं भरलं होतं. फक्त मागच्या चाकावरच्या, तिघांच्या बाकावर खिडकीची जागा रिकामी होती. तिच्यावर एक पिवळी ओढणी नीट घडी करून ठेवलेली. तिच्या शेजारी, मधल्या जागेवर, डोक्याला दुपट्टा बांधलेला एक वाळकासा माणूस बसला होता.

एक तगडा गृहस्थ त्याच्याशी भांडत होता. "कोण येणार हाये इथी? गाडी सुटून राह्यली!"

"आहे," तो माणूस म्हणाला. "आलेली आहे."

"कुठी आहे?"

त्या माणसाने खिडकीच्या जागेकडे पाहिलं. कंडक्टर मध्ये पडला. "राहू द्या हो. त्याईनं दोन तिकिटं काढले हायेत. तिकीट आहे त जागा आहे." तगडा गृहस्थ पुटपुटत पुढे गेला. मी कडेच्या जागेवर टेकले. मला वाटलं, म्हातारा जरा सटकलेला दिसतोय. शिकलेल्या माणसाला असं चटकन वाटतं, त्याला मी तरी काय करू?

गाव संपून गाडी मूलच्या रस्त्याला लागली तसा तो खिडकीकडे झुकला आणि हळूच म्हणाला, "रंजीता, चंद्रपूर सुटलं माय. चाल."

मी न राहवून विचारलं, "भाऊ, कोणाशी बोलून राह्यले?"

तो लाजला नाही की चिडला नाही. त्याचं नाव लालसू. गाव धानोऱ्याच्या पुढे, हेटीटोला. रंजीता त्याची लेक. नर्सिंगला होती, डोक्यात ताप गेला, नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेली आणि तिथेच गेली. अँब्युलन्सने देह गावी आणला, माती दिली.

"शरीर आलं बाई," लालसू म्हणाला. "पण थे नाई आली. तिच्या मायले रोज सपनात दिसे. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून हाये म्हणे, नंबर येईन म्हून. तिले कोणी सांगतलंच नाई ना, का आता घरी जाचं हाये म्हून." म्हणून तो परत नागपूरला गेला. त्या बाकड्यापाशी उभा राहिला आणि म्हणाला, रंजीता, चाल, घरी जाऊ. तिथून प्रत्येक वळणावर, प्रत्येक गाडी बदलताना तो तिला सांगत आला होता. "पाणी आलं का थे भेतात. पुलाच्या अलीकडंच थांबून जातात. नाव घिऊन हाक मारा लागते."

एरवी मी हे ऐकून मनात एक तळटीप तयार केली असती. त्या दिवशी मला दिव्यानी आठवली.

३

लालसूभाऊ दोन रात्री झोपलेला नव्हता. त्याचे डोळे लाल झाले होते आणि मान सारखी पुढे कलत होती. चिचपल्ली गेल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं. "बाई, अंधारीचा पूल येईन आता. मले डोळा लागला त तुमी हाक मारजा तिले. एवढं करजा."

मी हो म्हटलं. कोण नाही म्हणेल?

दोन्ही बाजूंनी साग आणि बांबू जवळ आला. रस्ता उतरायला लागला. मी पाहिलं तर लालसूभाऊचे डोळे मिटलेले, हनुवटी छातीवर. पुलाचे कठडे दिसले. लोक बघतील म्हणून मला संकोच वाटत होता, पण त्याहून एक जुनी गोष्ट आडवी आली. आमच्या घरी आईची शिकवण अशी, की गेलेल्या माणसाचं नाव दहावा होईपर्यंत घ्यायचं नाही. नाव घेतलं की जीव अडकतो. मी देवधर्म मानत नाही, पण ही सवय हाडात भिनलेली. मला वाटलं, या पोरीचे अजून दहा दिवसही झाले नसतील. नाव नको घ्यायला. उगाच तिला त्रास.

म्हणून मी नुसतंच, हळू पण नीट ऐकू जाईल असं म्हटलं, "चल गं. पूल आला. चल, ये."

गाडी पुलावर चढली. मधोमध ड्रायव्हरने किंचित ब्रेक मारला, समोर काही नसताना. सगळे पुढे झुकले आणि परत मागे आले. बस्स, एवढंच झालं.

पूल संपल्यावर कंडक्टर मशीन घेऊन माझ्यापाशी आला. "दोन गडचिरोली?"

"एकच."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यापलीकडे. तिथे खिडकी नव्हती, उभ्या लोकांची वाट होती. "एक? बरं," तो म्हणाला आणि तिकीट फाडलं.

मी सहज मान वळवली. वाटेत लोक एकमेकांच्या पायावर पाय देऊन उभे होते. एका बाईची पिशवी दुसऱ्याच्या पोटात रुतली होती. पण माझ्या खांद्याला लागून, एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी होती. गाडी वळली की सगळे कलंडत, एकमेकांवर आपटत, आणि त्या जागेच्या कडेला येऊन थांबत. कोणी तिकडे पाहत नव्हतं. मला वाटलं, खाली कोणाला उलटी झाली असेल. वाकून पाहिलं. जमीन कोरडी होती.

गडचिरोलीला लालसूभाऊने ओढणी उचलली, "चाल माय, अजून एक गाडी," असं म्हणाला आणि मला हात जोडले. तो गर्दीतून गेला तेव्हा उजव्या बाजूला जागा सोडून चालत होता, जशी आपण लेकरासाठी सोडतो. मी त्याच्याकडे बघत राहिले. माझे डोळे भरून आले होते. मग मी रिक्षा केली आणि आत बसले, तर रिक्षावाला निघेचना.

"चला ना भाऊ."

"त्या बाई?" तो म्हणाला. "त्या नाई येऊन राह्यल्या काय?"

४

असं होतं कधीकधी. एकटी बाई दिसली की लोक तिच्यासोबत कोणाला तरी धरूनच चालतात. मी स्वतःला हेच सांगितलं, आणि हे मला त्या दिवशी वारंवार सांगावं लागलं.

परिषदेच्या ठिकाणी धनराज सर, म्हणजे आयोजक, लगबगीने पुढे आले. "या मॅडम, एसटीने आलात म्हणे, कमाल आहे. आणि या मॅडमचं नाव आपल्याकडे नोंदवलेलं नाही वाटतं?" मी मागे पाहिलं. दाराशी फुलांचं तबक घेतलेली एक विद्यार्थिनी होती, ती लांब होती. "मी एकटीच आहे सर," मी म्हटलं. ते गोंधळले, हसले, "सॉरी, सॉरी," म्हणाले आणि बॅज देताना परत एकदा माझ्या बाजूला पाहिलं.

उद्घाटनाला सभागृह खचाखच भरलं. तालुक्यांतून बसने आणलेली मुलं पायऱ्यांवर बसली. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. तिघांनी येऊन हात ठेवला आणि "अच्छा, आहे का कोणी," म्हणत निघून गेले. मी एकदाही 'आहे' म्हणाले नव्हते. चहावाल्याने माझ्यापुढे दोन कप ठेवले. मी एक परत केला तर तो रागावल्यासारखा म्हणाला, "त्याईले नाई पाह्यजे काय मंग?"

खोली विश्रामगृहात होती. खोल्या सांभाळणाऱ्या रुखमाबाईंनी दोन्ही पलंगांवर चादरी घातल्या होत्या, दोन टॉवेल ठेवले होते. बाई कामाच्या, बोलक्या. मी ठरवून विचारलं, "रुखमाबाई, माझ्यासोबत कोण आहे असं वाटतं तुम्हाला?"

"कोण म्हंजे? त्या तुमच्या संगंच्या."

"कशा दिसतात त्या?"

रुखमाबाईंनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. कपाळाला आठ्या पडल्या. "आता..." त्या म्हणाल्या. "बरोबर पाह्यलं नाई मी. पण होत्या ना. तुमच्या मागं उभ्या होत्या." मग त्यांनी दाराकडे पाहिलं आणि बादली तिथेच टाकून, चादर झटकायची राहिली आहे असं काहीतरी पुटपुटत त्या निघून गेल्या. चादर त्यांच्या हातातच होती.

५

संध्याकाळ व्हायच्या आत मी खोलीचे दोन्ही दिवे लावले. उद्याच्या वाचनाची तयारी करायची होती, कागद पुढे घेतले. लोखंडी पलंग, जाळीवर गादी. माणूस बसला की ती जाळी एक आवाज करते आणि उठला की वेगळा. हा फरक मला ठाऊक आहे, वसतिगृहात असल्याच पलंगांवर झोपले आहे.

पलीकडच्या पलंगाने उठल्याचा आवाज केला.

मी पाहिलं. चादर ताठ होती, सुरकुती नव्हती. थोड्या वेळाने परत तोच आवाज झाला. बसल्याचा आवाज एकदाही नाही आणि उठल्याचा पुन्हा पुन्हा. जणू कोणी बसायला टेकतंय न टेकतंय तोच उठून उभं राहतंय, कारण बसायला कोणी सांगितलेलं नाही. हा विचार माझ्या मनात आला आणि मी कागद मिटून ठेवले.

ऊन खाऊन तापलेलं लोखंड संध्याकाळी गार होताना कुरकुरतं. हे शास्त्र आहे. मी ते मोठ्याने म्हटलं. खोलीत माझा आवाज नेहमीसारखा घुमला नाही, मध्ये कपडे वाळत घातले असावेत तसा अडला.

दिव्यानीचा कॉल आला. "आई, कधी येशील?" तिच्या मागे आमचा सोफा, खिडकीतली तुळस, हेमराजचे बनियन. मला इतकं रडू आलं की मी मोबाइल तोंडापासून लांब धरला. पडद्यावर तिला मी एकटीच दिसत होते. तेवढ्याच आधारावर मी सकाळपर्यंत तग धरला, दिव्यांच्या उजेडात, भिंतीला पाठ लावून.

उजाडताना मला सगळं कळलं, किंवा कळलं असं वाटलं. पुलावर मी हाक मारली आणि पोर बापाच्या मागे न जाता माझ्या मागे आली. तिकडे लालसूभाऊ रिकामा घरी पोचला असेल. तिची आई ओढणी छातीशी धरून बसली असेल. माझ्या हातून एका मायबापाचं लेकरू पळवलं गेलं होतं. भीतीपेक्षा ही लाज जड होती. परिषद गेली खड्ड्यात. मी धनराज सरांना निरोप ठेवला की तब्येत बरी नाही, बॅग उचलली आणि दाराशी येऊन, आता नाव नीट घेऊन म्हटलं, "रंजीता, चल. तुझ्या घरी जाऊ."

६

धानोऱ्याची बस मिळाली. पुढे काळी-पिवळी जीप, माणसांनी आणि मोहाच्या पोत्यांनी गच्च. ड्रायव्हर एका मांडीवर बसून चालवत होता, तरी माझ्या बाजूला कोणी चिकटलं नाही. रस्त्यात नाले बरेच. प्रत्येक नाल्यावर मी, लोक बघत असताना, मान वळवून म्हणत होते, "रंजीता, नाला आला. ये बाळा." शेजारच्या बाया गप्प झाल्या. एकीने कपाळाला हात लावला. मला आता कशाचीच लाज नव्हती. उलट बरं वाटत होतं. पोरीला घरी पोचवायचं, मग रविवारी आपल्या पोरीकडे जायचं. इतकं सरळ होतं ते.

हेटीटोला म्हणजे मोहाच्या झाडांखालची थोडीशी घरं. लालसूभाऊचं अंगण शेणाने सारवलेलं, बांबूचं कुंपण, कुंपणाला फाटक. मला पाहून तो ओळखीचं हसला आणि तांब्या भरून बाहेर आला. त्यांच्याकडे पाहुण्याला आधी पाय धुवायला पाणी देतात. फाटकापाशी येता येता त्याचं हसू गेलं. त्याने तांब्या कुंपणाच्या आतच खाली ठेवला आणि फाटकाला हात लावून उभा राहिला. उघडलं नाही.

"लालसूभाऊ, माफ करा," मी म्हटलं. मला हुंदका आला. "तुमची पोरगी माझ्यासंगं आली. मी घेऊन आले तिला."

"कोन?"

"रंजीता."

घरातून त्याची बायको बुधरी बाहेर आली. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या शेजारी पाहिलं, आणि मग मान हळूहळू वर केली. माझ्या खांद्याच्या वर, डोक्याच्या वर, आणखी वर. मी मान वळवली नाही. माझ्यात तेवढं धैर्य नव्हतं.

"रंजीता त घरी हाये," लालसूभाऊ म्हणाला.

"म्हणजे?"

"माह्यासंगंच आली थे. काल सांजच्याले राख चाळून टोपल्याखाली पसरवली. आज सकाळी पाह्यलं, पाऊल होतं. डाव्या पायाची करंगळी मुडपलेली. तिच्या मायनं वळखलं." बुधरीने मान हलवली. तिच्या गालांवर सुकलेल्या आसवांचे डाग होते, पण चेहरा निवलेला होता, लेकरू घरी आलेल्या बाईचा असतो तसा. आता तो चेहरा परत आक्रसत होता.

"पण तुम्ही झोपला होता. मी हाक मारली पुलावर."

"झोप कुठी येते बाई?" लालसूभाऊ म्हणाला. "डोळे मिटले होते. हाक म्या मारलीच होती मनातून, नाव घिऊन." तो थांबला. "तुमी घेतलं होतं काय नाव?"

मी मान हलवून नाही म्हटलं. 

"नाव घेतल्याबिगर बोलावलं काय बाई?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटली. "त्या पुलावर कोन कोन बसून असन. ज्याईले न्याले कोनी आलंच नाई. नुसतं 'ये' म्हटल्यावर कोनीबी उठन."

बुधरी पहिल्यांदाच बोलली. "आन माह्या पोरीचं नाव घेत घेत आमच्या दारात आणलं त्याले." ती आत गेली आणि दाराची फळी लावून घेतली.

७

लालसूभाऊने फाटक उघडलं नाही, पण तो मला टाकून आतही गेला नाही. त्याने जे सांगितलं ते थोडंच होतं. जिथून उठलं तिथंच सोडा लागते. आलेल्या वाटेनंच जाजा. वाटेत ब्र काढू नोका. ना नाव, ना हाक. पाणी आलं, हाक नाई आली, त थे पुलावर थांबून जाईन. "तुमी चूप राहजा बाई. बाकी काही करा नाई लागत."

"थांबेल ना नक्की?"

त्याने माझ्या बाजूला पाहिलं आणि नजर खाली घेतली. "घरी लेकरू हाये काय तुमच्या?"

"आहे. मुलगी आहे."

"मंग चूपच राहजा," तो म्हणाला.

मी गप्प राहिले. जीपमध्ये, धानोऱ्याच्या गाडीत, गडचिरोलीच्या स्टँडवर. तिकीट काढताना बोट दाखवलं. धनराज सरांचा फोन आला, घेतला नाही. चंद्रपूरची गाडी अर्ध्या दुपारची, उभं राहायलाही जागा नसलेली. मला कडेची जागा मिळाली. माझ्या खांद्याला लागून वाटेत ती मोकळी जागा होती. पिशव्या, कोपर, पाठी तिच्या कडेपर्यंत येत आणि थांबत. एक माणूस मावेल एवढी, पण उंचीने किती, ते मला आता कळलं. वरच्या दांड्याला लोंबकळणारे हात त्या टप्प्यात दांडा धरत नव्हते.

वैनगंगेच्या पुलावर मी जीभ दातांखाली धरली. काही झालं नाही. जागा तशीच माझ्याबरोबर पलीकडे आली. लालसूभाऊने जिथून उठलं तिथं असं म्हटलं होतं. म्हणजे अंधारी. मी मनातही काही म्हणत नव्हते. दिव्यानीचं नावसुद्धा मनात आणत नव्हते, ते नाव त्या बाजूला ऐकू जाईल म्हणून. आयुष्यात मी इतकी एकटी कधीच नव्हते, आणि एकटी नव्हतेच, हेच तर दुखणं होतं.

मूल गेलं. जंगल जवळ आलं. उतार लागला.

पुलाचे कठडे दिसले आणि मोबाइल वाजला. दिव्यानी.

कॉल कापावा असं वाटलं. पण कापला की ती रडत बसते, आणि मी कालपासून तिला पाहिलं नव्हतं. मी विचार केला, अगदी शांतपणे, शिकलेल्या बाईसारखा: बोलायला मनाई आहे, ऐकायला नाही. मी कॉल घेतला. ओठांवर बोट ठेवलं आणि हसले, म्हणजे तिला वाटावं की आई गंमत करतेय. आमचा सोफा दिसला. तिच्या मांडीवर कापडी ससा होता. गाडीच्या खडखडाटात कळावं म्हणून स्पीकरचा आवाज मोठाच होता, तो सकाळपासून तसाच राहिला होता.

गाडी पुलावर चढली.

"तू बोलत का नाहीस?" दिव्यानी म्हणाली. "घरी ये ना. चल ना. लवकर ये ना आता."

माझ्या खांद्याला काहीतरी आपटलं. मी दचकून पाहिलं. तेलाचा डबा घेतलेला एक म्हातारा माझ्यावर कलंडला होता. "माफ करजा बाई, गर्दी लय हाये," तो म्हणाला आणि माझ्या अगदी शेजारी, त्या जागेत, पाय रोवून उभा राहिला. त्याच्या मागे आणखी दोघे सरकले. जागा राहिलीच नव्हती. क्षणभर माझ्या सगळ्या अंगातून वारं गेल्यासारखं झालं. सुटले, असं मला वाटलं. खरंच वाटलं.

मी पडद्याकडे पाहिलं. दिव्यानी माझ्याकडे बघत नव्हती. तिने ससा उचलला, सोफ्यावर ती भिंतीकडे सरकली आणि मोकळी झालेली जागा तळहाताने झटकून साफ केली, पाहुणे आले की मी करते तशी.

"बस ना," ती म्हणाली.

मी ओरडले. हेमराजचं नाव घेऊन, तिचं नाव घेऊन, गाडीतल्या सगळ्या माना वळेपर्यंत ओरडत राहिले. तोवर पूल मागे पडला होता, दोन्ही बाजूंना जंगल होतं आणि मोबाइलला रेंज नव्हती.